गार चहा

दिघींत "चहा" म्हटलें म्हणजे तो गरमच, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. आषाढी वारीसाठीं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते ती दिघीवरूनच जाते. त्या दिवशीं रस्त्याच्या कडेला उभें राहून वारकऱ्यांच्या हातांत जो पेला दिला जातो त्यांतून वाफ निघत असते. गारपणा हा चहाचा गुण नव्हे, दोष समजला जातो. "चहा गार झाला" हें वाक्य मराठी घरांत बहुधा तक्रारीच्या सुरांतच ऐकूं येतें, आणि निवलेला चहा पाहुण्यापुढें ठेवणें म्हणजे त्याचा अनादर करणें होय.

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील टेक्सास, जॉर्जिया इत्यादि संस्थानांत नेमकी उलट स्थिति आहे. तेथील खाणावळींत नुसता "टी" मागितला तर उंच पेल्यांत बर्फाच्या खड्यांवर ओतलेला, बहुधा साखरेनें चांगलाच गोड केलेला तांबूस चहा पुढें येतो. गरम हवा असेल तर "हॉट टी" असें स्पष्ट म्हणावें लागतें. पुण्याच्या परिसरांतून शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं तिकडे गेलेल्या तरुणाची पहिली फजिती पुष्कळदां या एका शब्दावरून होते. पुढें दोन-तीन उन्हाळे गेले म्हणजे जिभेला त्या पेयाची गोडी लागते, आणि मग तोच मुलगा वैशाखांत दिघीस घरीं आला असतां आईपाशीं गार चहा मागतो. आई मोठ्या प्रेमानें सकाळचा दुधाचा चहा गाळून फ्रीजमध्यें ठेवते, दुपारीं तो बाहेर काढते, आणि दोघांचाहि विरस होतो. वर साय, खालीं गाळ, आणि तोंडांत तुरट गोडसरपणा!

हा विरस टाळतां येण्याजोगा आहे. गरम चहा थंड केला म्हणजे गार चहा झाला, ही समजूतच मुळांत चुकीची आहे. तीं दोन निरनिराळीं पेयें असून त्यांचीं पानें निराळीं, प्रमाण निराळें आणि करण्याची रीतिहि निराळी आहे.

चहा पिण्याची चाल मूळ चीनची. परंतु बर्फ घालून चहा पिण्याची लोकरूढि मुख्यतः अमेरिकेनें वाढविली. त्याचें एक कारण म्हणजे बर्फाची विपुलता. यंत्रानें बर्फ होऊं लागण्यापूर्वीं तो गोठलेल्या तळ्यांतून करवतीनें कापून काढीत असत, आणि अमेरिकेच्या ईशान्य भागांत अशा तळ्यांना तोटा नव्हता. बोस्टन येथील व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें 1833 सालीं 180 टन बर्फ गलबतावर भरून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासांत बराच वितळूनहि त्यांतील सुमारें 100 टन शिल्लक राहिला. पुढल्याच वर्षीं मुंबईसहि असा बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई यांच्या घरच्या मेजवानींत त्याचा उपयोग झाला तेव्हां यजमान व पाहुणे यांना पडसें झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, असें सांगतात. थंड पदार्थ बाधतो ही घरोघरची समजूत मुंबईंत बर्फाच्या आगमनाइतकीच जुनी आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गार चहाच्या जन्माविषयीं एक सुरस गोष्ट वारंवार सांगितली जाते. 1904 सालीं सेंट लुई येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत रिचर्ड ब्लेचिंडन नांवाचा इंग्रज गृहस्थ हिंदुस्थानी चहाचा प्रचार करण्यासाठीं नेमलेला होता. उन्हाळा कडक असल्यामुळें गरम चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हां त्यानें तोच चहा बर्फानें थंड करून देण्यास आरंभ केला आणि गर्दी लोटली. जन्मकथा या दृष्टीनें ही गोष्ट खरी नाहीं. मॅरियन कॅबेल टायरी यांनीं संपादिलेल्या व्हर्जिनियांतील एका पाकपुस्तकांत 1879 सालींच गार चहाची कृति छापलेली आहे, आणि ती हिरव्या चहाची आहे. ब्लेचिंडननें शोध लावला नाहीं. त्यानें प्रसार केला, आणि तो हिंदुस्थानच्या काळ्या चहाचा केला. नवल हें कीं, हिंदुस्थानचा माल खपावा म्हणून ज्या पेयाचा पुरस्कार झाला तें पेय हिंदुस्थानांत मात्र बरींच वर्षें अनोळखी राहिलें.

असें कां झालें, याचें उत्तर चहाच्या पानांत सांपडतें. 1930 सालीं आसामांत विल्यम मॅकर्चर यानें पानें दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्यांच्या बारीक गोळ्या करणारें यंत्र प्रचारांत आणलें. महाराष्ट्रांत घरोघरीं जी ममरी वापरतात ती या जातीची. तिचा कस पाण्यांत झटपट उतरतो, रंग गडद येतो, आणि दूध, साखर, आलें यांच्या गर्दींतहि चहाची चव हरवत नाहीं. स्वस्तांत पुष्कळ पेले होत असल्यामुळें ही ममरी लोकप्रिय झाली आणि उकळलेला दुधाचा चहा हाच देशाचा चहा ठरला. परंतु जो कस उकळत्या दुधांत शोभतो तोच बर्फांत अंगावर येतो.

काळ्या चहांत मुख्यतः दोन प्रकारचीं द्रव्यें असतात. एक कॅफीन, ज्यामुळें तरतरी येते. आणि दुसरीं पान आंबण्याच्या क्रियेंत तयार होणारीं कषाय द्रव्यें, ज्यांमुळें रंग व तुरटपणा येतो. कढत पाण्यांत हीं दोन्ही विरघळून वेगवेगळीं राहतात. पाणी निवूं लागलें म्हणजे तीं एकमेकांस चिकटूं लागतात, त्यांचे सूक्ष्म कण बनतात, आणि मघांचा निवळशंख चहा गढूळ होतो. चहाच्या व्यापारांत या गढूळपणाला "साय" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, पण दुधाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. चहा बिघडल्याचें तें लक्षण नव्हे; थोडें कढत पाणी घातलें कीं तो पुन्हां स्वच्छ होतो. तथापि कस जितका दाट तितका गढूळपणा अधिक, म्हणून ममरीचा चहा फार गढुळतो. गार चहासाठीं अखंड किंवा मोठ्या तुकड्यांचें पान घ्यावें. निलगिरीचा पानाचा चहा थंड झाल्यावरहि बराच स्वच्छ राहतो, आणि या गुणामुळेंच गार चहा करणाऱ्यांत त्याला विशेष मान आहे. दार्जिलिंगचें पानहि चालतें. मात्र त्याचा सुगंध थंडींत दबतो, त्यामुळें त्याची जादा किंमत पुरती वसूल होत नाहीं.

आतां बर्फाचा हिशेब. गार चहा फिका होतो ही सर्वांत मोठी तक्रार असते, आणि ती या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळें उद्भवते. एक ग्रॅम बर्फ वितळतांना सुमारें 80 उष्मांक शोषून घेतो, आणि वितळलेलें पाणी पांच अंशांपर्यंत चढतांना आणखी पांच. म्हणजे एका ग्रॅमचे एकंदर 85. उलटपक्षीं 90 अंशांवरील 200 ग्रॅम चहा पांच अंशांपर्यंत उतरवावयाचा तर 17,000 उष्मांक काढून घ्यावे लागतात. भागाकार केला तर उत्तर बरोबर 200 ग्रॅम येतें. याचा अर्थ असा कीं, कढत चहा बर्फावर ओतून पिण्याजोगा थंड करावयाचा असेल तर चहाइतकाच बर्फ लागतो व तो जवळ जवळ सगळा वितळतो. तेव्हां चहा दुप्पट कडक केला नाहीं तर पेल्यांत अर्धें पाणीच येणार! तोच चहा आधीं खोलींतील हवेइतका, म्हणजे 30 अंशांपर्यंत निवूं दिला तर केवळ साठ ग्रॅम बर्फ पुरतो. ज्या घरीं बर्फाचा एकच लहान सांचा आहे त्यांनीं ही दुसरी रीत पत्करावी.

एक लिटर गार चहाची कृति याप्रमाणें. अर्धा लिटर ताजें पाणी खळखळून उकळावें. दिघी समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून अधिक उंच असल्यामुळें तेथें पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतें, पण त्यानें कांहीं बिघडत नाहीं. भांडें खालीं उतरवून त्यांत दहा ते बारा ग्रॅम, म्हणजे चार-पांच लहान चमचे पानाचा चहा घालावा आणि झांकण ठेवावें. विस्तवावर चहा उकळूं नये. पाहिजे तो कस चार मिनिटांत उतरतो, त्यानंतर उतरतो तो तुरटपणा. मग पानें न पिळतां चहा गाळावा, कढत असतांनाच त्यांत साखर विरघळवावी, आणि तो अर्धा किलो बर्फावर ओतावा. दुसरी रीत बिनविस्तवाची. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत दहा ग्रॅम पान घालून भांडें झांकून फ्रीजमध्यें आठ तास ठेवावें व गाळावें. थंड पाण्यांत कॅफीन व तुरट द्रव्यें कमी उतरतात, म्हणून हा चहा सौम्य, स्वच्छ आणि थोड्या साखरेंत भागणारा होतो. रात्रीं निजतांना भिजत घातला तर सकाळीं तयार!

साखर थंड चहांत विरघळत नाहीं असें म्हणतात, तें अर्धेंच खरें. वीस अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यांत सुमारें दोनशे ग्रॅम साखर मावूं शकते. अडचण आहे ती वेळाची. थंड पाण्यांत साखर इतकी सावकाश विरघळते कीं पेला संपला तरी ती तळाशींच बसलेली असते. यासाठीं साखर व पाणी समभाग घेऊन त्यांचा पातळ पाक करून ठेवावा. थंडीनें जिभेला गोडी कमी जाणवते, हेंहि लक्षांत घ्यावें. गार चहांत नकळत साखर अधिक पडते ती यामुळेंच. लिंबू पिळावयाचें तें चहा निवल्यावर पिळावें. लिंबाच्या आंबटपणानें चहाचा रंग पाहतां पाहतां फिका होतो; तो पातळ झाला असें समजून अधिक पान घालण्याचें कारण नाहीं.

पान उत्तम असूनहि चहा बिघडतो तो पाण्यामुळें. पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना नदीचें पाणी मिळतें, आणि धरणांत सांठलेलें हें पावसाचें पाणी बोअरच्या पाण्यापेक्षां मृदु असतें. उन्हाळ्यांत नळ आटला म्हणजे इमारतींतून बोअरचें किंवा टँकरचें पाणी येतें. खडकांत मुरलेल्या पाण्यांतील चुना चहांतील द्रव्यांशीं मिळून वर तवंग आणतो आणि रंग मळकट करतो. लंडन, म्युनिक इत्यादि शहरांचें पाणीहि असेंच जड आहे. त्या शहरांत नव्यानें राहूं लागलेला मराठी कुटुंबी "इकडे चहाच चांगला मिळत नाहीं" म्हणून पानाला दोष देतो, तेव्हां पुष्कळदां अपराधी नळ असतो. गाळणीच्या सुरईनें पाण्याचा जडपणा कमी केला तर तेंच पान निराळें लागतें.

पाण्याहून अधिक जपावयाचें तें बर्फाला. गरम चहाच्या टपरीवर पाणी निदान उकळलेलें तरी असतें. गार चहाला ती हमी नाहीं. गोठल्यानें सारे रोगजंतु मरत नाहींत, ते निद्रिस्त होतात आणि पेल्यांत पुन्हां जागे होतात. मासे व इतर माल टिकविण्यासाठीं केलेला बर्फ सरबताच्या गाड्यांवर जाऊं नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें 2018 सालीं अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम केला. निळसर बर्फ दिसला तर तें पेय घेऊं नये. परंतु पांढरा बर्फ शुद्धच असेल असेंहि नाहीं. जानेवारी 2025 मध्यें पुण्यांत सिंहगड रस्त्याच्या बाजूस गुलेन-बॅरी या मज्जातंतूंच्या विकाराची सांथ आली. कित्येक रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर जातीचे जंतु सांपडले आणि संशयाचें बोट दूषित पाण्याकडे वळलें. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडलेले पाहिल्यावर "एका पेल्यानें काय होतें?" हा प्रश्न कोणी सहज विचारूं नये. घरीं उकळलेल्या पाण्याचाच बर्फ करावा, आणि बाहेर तशी खात्री नसेल तेथें वाफाळलेला चहाच पत्करावा.

बरणींत पान व पाणी घालून ती उन्हांत ठेवण्याची एक अमेरिकन पद्धति आहे. दिघीच्या गच्चीवर ती सहज साधेल असें वाटतें. पण तिच्या वाटेस जाऊं नये. उन्हानें बरणींतील पाणी जंतु मरण्याइतकें तापत नाहीं, त्यांची वाढ होण्याइतकें मात्र खचित तापतें. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें 1996 सालीं गार चहासंबंधीं सावधगिरीची सूचना काढली. तिचा आशय असा कीं, पान सुमारें 90 अंशांच्या पाण्यांत तीन ते पांच मिनिटें मुरवावें, तयार चहा आठ तासांहून अधिक ठेवूं नये, आणि भांडें व त्याची तोटी रोज धुवावी. घरच्या भांड्यालाहि हे नियम तितकेच लागू आहेत.

परदेशीं राहणाऱ्याला चांगला गार चहा शोधावयाचा असतो तेव्हां देशोदेशींचा संकेत ठाऊक असणें उपयोगीं पडतें. अमेरिकेच्या दक्षिणेंत "स्वीट टी" व "अनस्वीट" असे दोन प्रकार असतात. दोन्ही मिसळून मागितले तरी कोणी हंसत नाहीं. उत्तरेकडे चहा बहुधा बिनसाखरेचा येतो आणि साखरेच्या पुड्या बाजूला असतात. इंग्लंडांत चहाचें नांव दुधाशीं व उष्णतेशीं जोडलेलें आहे. तेथें गार चहा उपाहारगृहांत क्वचित्‌, बाटलींत अधिक. जर्मनींत "आइस्टे" मागितला तर पीच किंवा लिंबाच्या स्वादाचें गोड बाटलीबंद पेय येतें, ताजा मुरवलेला चहा नव्हे. अशा बाटलीवरील कोष्टक वाचावें. शंभर मिलिलिटरांत सहा ग्रॅम साखर असेल तर अर्ध्या लिटरांत तीस ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेनें 2015 सालीं दिवसाकाठीं वरून घेतलेल्या साखरेची जी इष्ट मर्यादा सुचविली ती सुमारें पंचवीस ग्रॅम आहे. ज्या मराठी घराण्यांत मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांतील मुलांनीं परदेशांतील ही गोड संवय आंधळेपणानें उचलूं नये. तेथील किराणा दुकानांतून गार चहासाठीं म्हणून वेगळ्या पुड्या मिळतात. त्या घेऊन घरीं बिनसाखरेचा चहा करणें स्वस्तहि पडतें आणि हितकारकहि.

जपान व कोरिया यांची तऱ्हा आणखी वेगळी. तेथें उन्हाळ्यांत घरोघरीं फ्रीजमध्यें जें तपकिरी पेय भरून ठेवलेलें असतें, त्याला चहा म्हणत असले तरी त्यांत चहाचें पान नसतें. तो भाजलेल्या जवांचा काढा. जपानींत त्याला "मुगिचा" म्हणतात, कोरियन भाषेंत "बोरिचा". त्यांत साखर नसते, कॅफीन नसतें, आणि तान्ह्या मुलाच्या आईपासून आजोबांपर्यंत सर्वांना तो चालतो.

हें सांगण्याचें कारण असें कीं, परदेशीं राहणें ही आतां एकाच दिशेची गोष्ट राहिलेली नाहीं. चाकण येथें 2009 सालीं फोक्सवागेन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. मागोमाग इतर देशांच्या कंपन्या आल्या. त्यांबरोबर आलेले जर्मन, जपानी, कोरियन तंत्रज्ञ व त्यांचीं कुटुंबें पुणें-पिंपरीच्या परिसरांत वास्तव्य करतात. टेक्सासमध्यें दिघीच्या मुलाची जी स्थिति तीच चाकणच्या परिसरांत त्यांची. एप्रिलच्या अडतीस-चाळीस अंशांच्या उन्हांत त्यांना गार, बिनसाखरेचें कांहीं हवें असतें, आणि सहकाऱ्याच्या घरीं गेल्यावर पुढें येतो तो कढत, गोड, दुधाचा चहा. संकोचानें ते पितात, आणि यजमानाला वाटतें, पाहुणा तृप्त झाला.

अशा पाहुण्यासाठीं बाजारांत धांवण्याची गरज नाहीं. जव किंवा सातू हें धान्य मराठी घराला परकें नाहीं. भाजलेल्या सातूचें पीठ उन्हाळ्यांत कालवून खाण्याची चाल जुनीच आहे. तेंच जव गडद तपकिरी होईपर्यंत मंद विस्तवावर भाजावे, लिटरभर पाण्यांत मूठभर घालून दहा मिनिटें उकळावे, गाळावें आणि थंड करावें. जपानी किंवा कोरियन पाहुण्याला आपल्या आईचें घर आठवेल. इतरांसाठीं परसांतला गवती चहा आहेच. चार पातीं, पुदिन्याच्या दोन डहाळ्या आणि आल्याचा तुकडा कढत पाण्यांत झांकून ठेवावा, निवल्यावर लिंबू पिळावें. हवें तर त्यांत निलगिरीचें चमचाभर पान घालावें. परदेशांतील मराठी गृहिणीलाहि हें अशक्य नाहीं, कारण थाई व व्हिएतनामी दुकानांतून गवती चहाचे दांडे ताजे मिळतात. ते ठेचून घातले कीं वास तोच दरवळतो.

घरापासून दूर असलेल्या माणसाला पेयापेक्षांहि एका गोष्टीची तहान अधिक असते: आपली आवड कोणी तरी ओळखावी. सुट्टींत आलेल्या मुलाला त्याच्या परगांवच्या संवयीचा पेला देणारी आई, आणि परक्या पाहुण्याला "गरम घ्याल कीं गार?" असें विचारणारा यजमान, यांना ही तहान कळलेली असते. बाकीची कृति सोपी आहे. पान चांगलें, पाणी उकळलेलें, बर्फ घरचा, साखर बेतानें. आणि दूध मात्र संध्याकाळच्या गरम चहासाठीं राखून ठेवावें.